एक रायफल आणि दोन डाग

आमच्या घरात मोडलेली वस्तू टाकून देत नाहीत. तिला बढती देऊन माळ्यावर पाठवतात. पाटण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मर्फीचा रेडिओ आहे, तीन पायांची आरामखुर्ची आहे, काच नसलेले कंदील आहेत आणि ग्रामोफोनचा एक कर्णा आहे. ग्रामोफोन आमच्याकडे कधीच नव्हता. कर्णा तेवढा कुणाचा तरी ‘नीट करून देतो’ म्हणून आणलेला, असं म्हणतात. ते कुटुंब आता गावात राहत नाही, त्यामुळे तो आमचाच धरायला हरकत नाही.

आमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, रायफलीला मात्र माळ्याची वाट बंद. कारण तिचं स्वतःचं पुस्तक आहे, पुस्तकावर दादाचा फोटो आहे, आणि दर पाच वर्षांनी सरकार चौकशी करतं की बाई आहेत कुठं आणि आहेत कशा. पूर्वी ही चौकशी दर तीन वर्षांनी व्हायची. २०१९ साली कायदा बदलला आणि दोन वर्षांची उसंत मिळाली. वाळवीनेही ती उसंत सत्कारणी लावली असावी. कारण यंदा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दादाने रायफल कपाटामागून ओढली, तेव्हा दस्ता त्याच्या हातात आला आणि रायफल होती तिथंच राहिली.

ही रायफल ३१५ बोअरची. फौजेची .३०३ सामान्य माणसाला ठेवता येत नाही. इंग्रजांच्या डोक्यात हिशेब असा, की फौजेची काडतुसं उद्या चोरीला गेली तर ती रयतेच्या बंदुकीत बसता कामा नयेत. म्हणून नागरी माणसासाठी वेगळं काडतूस: मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर रायफलीचं, आठ मिलिमीटरचं. स्वातंत्र्यानंतर सरकारं बदलली, पण ही काळजी आपल्याही सरकारने जशीच्या तशी वारसाहक्काने घेतली. तर यंत्र ली-एनफिल्डच्या धर्तीचं, काडतुसाचं मूळ ऑस्ट्रियाचं, कारखाना हुगळीकाठच्या ईशापूरचा आणि गोळ्या खडकीच्या. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी खडकीची खूण आहे. एवढा मोठा जगाचा पसारा एकत्र येऊन शेवटी आमच्या केळीत शिरणाऱ्या रानडुकरांवर उभा ठाकला होता.

आबांनी ती घेतली भूकंपानंतर. आमच्या भागात काळ मोजायचा तो ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून. लग्नं, बाळंतपणं, भाऊबंदकीचे दावे, सगळं एक तर भूकंपाआधीचं नाहीतर नंतरचं. घर पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि नव्या घरात पहिली नवी वस्तू आली ती रायफल. आजीला शिवणयंत्र हवं होतं, असं आत्या सांगते. पण ते सांगताना ती नेहमी दाराकडे बघते, आबा येतील म्हणून. आबांना जाऊन जमाना झाला.

या रायफलीची एक गोष्ट आहे. आबांनी एका रात्री, एका गोळीत, जनावर लोळवलं. आम्ही लहान होतो तेव्हा ते जनावर रानडुक्कर होतं. दादाच्या लग्नाच्या सुमारास तो बिबट्या झाला होता. जावईबापू पहिल्यांदा घरी आले तेव्हा तात्यांनी सुपारी कातरता कातरता त्याला पट्टे चढवले. पुढे २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि आमच्या वाघाला सरकारी पाठबळच मिळालं. मला या प्रगतीत एक नियम दिसतो: रायफल जितकी गंजत गेली, तितकं जनावर वाढत गेलं.

तर दस्ता हातात आल्यावर घरात बैठक बसली. एक पक्ष दादाचा: दुरुस्त करू. दुसरा तात्यांचा: सुटे भाग काढू. तात्या मुंबईला गिरणीत होते. सुटे भाग हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. “अख्ख्या वस्तूला भाव नसतो, भागांना असतो,” हे त्यांनी त्यांच्या स्कूटरवर सिद्ध करून दाखवलं होतं. स्कूटर गेली तरी तिचा आरसा अजून त्यांच्या दाढीला आहे.

“नळी चांगली दोन फुटाची आहे,” तात्या म्हणाले, “पोलाद आहे पोलाद!”

नळीला पहिलं गिऱ्हाईक जावईबापू निघाले. त्यांना कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पडद्याला दांडा हवा होता. ‘अँटिक लुक’ येईल म्हणाले. पुतण्याने बोल्ट मागितला, कागदावर ठेवायला. त्याच्या पिढीकडे कागद नसतात, हे कुणी त्याला सांगितलं नाही. वहिनींना पितळेचं काही निघालं तर हवं होतं, आणि नसलं निघत तर ‘हे धूड घरातून जाऊ दे’ एवढंच हवं होतं. आत्याने काहीच मागितलं नाही. ती फक्त म्हणाली, “मी दोन डाव सही दिलीया. मला इचारल्याबिगर स्क्रू बी काढायचा न्हाई.”

हे खरं होतं. परवाना आबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून दादाकडे आला, तेव्हा प्रत्येक वेळी बाकीच्या वारसांची ना हरकत लागली आणि आत्याने ती एका दमात दिली. विहिरीजवळच्या सहा गुंठ्यांवर मात्र ती अजून सही देत नाही. आपल्या भावाच्या हातात बंदूक गेली तर चालेल, विहीर जाता कामा नये, असा तिचा रोकडा विचार. मला तो शंभर टक्के पटतो.

नळी जावईबापूंना, बोल्ट पुतण्याला अशी वाटणी जवळपास ठरत आली असताना मामेभावाने खाकरून घसा साफ केला. मामेभाऊ साताऱ्याला वकिली करतो आणि घरच्या बैठकीत शेवटी बोलतो, कारण आधी बोललं तर फी मिळत नाही, हे त्याला कोर्टात कळलंय.

“१९५९ चा शस्त्र अधिनियम,” तो म्हणाला. “शस्त्र म्हणजे काय, याच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग आले.”

“म्हणजे?”

“म्हणजे नळी हेही शस्त्र. बोल्ट हेही शस्त्र. आज तुमच्याकडे एक रायफल आहे आणि एक परवाना आहे. वाटणी केलीत की शस्त्रं होतील चार आणि परवाना राहील एकच.”

जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या हॉलमध्ये पडदा लावायला आता पोलीस आयुक्तांची परवानगी लागणार होती.

“आणि खिडकी लहान आहे म्हणून नळी कापलीत,” वकील पुढे म्हणाला, “तर ते आणखी वेगळं कलम. नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.”

“मग भंगारात?” तात्यांचा आवाज खाली आला होता.

“भंगारवाल्याकडे शस्त्राचा परवाना आहे का?”

आमच्या भंगारवाल्याकडे वजनकाट्याचाही परवाना नाही. तात्या गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अशी वस्तू भेटली होती की जिचे तुकडे केले तरी ती अख्खीच राहते. वेदान्तात आत्म्याबद्दल असंच काहीसं म्हणतात. ते शस्त्र अधिनियमातही सापडेल असं वाटलं नव्हतं. दादाचा चेहरा खुलला. “म्हणजे दुरुस्तच करायला हवी,” तो म्हणाला. वकील म्हणाला, “हो, पण तीही कुणाकडूनही नाही. दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो.” गावच्या सुताराने दस्ता करून द्यायचं दोनशे रुपयांत कबूल केलं होतं, तेही बारगळलं.

कोल्हापुरात एक परवानाधारक मिस्त्री आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांना गिऱ्हाईक वाढलेलं आवडत नाही. दादा, मी आणि रायफल असे तिघे चुलतभावाच्या बोलेरोतून निघालो. परवान्याचं पुस्तक दादाने छातीशी धरलं होतं. रायफल मागच्या सीटवर रजईत. वाटेत दादाने मिस्त्रींना सांगायची वाघाची गोष्ट दोनदा म्हणून पाहिली. मी त्याला सुचवलं की जरा जपून. ज्या संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटं धरत असत, तिथल्या माणसापुढे आपलं जनावर कितीसं उभं राहणार?

मिस्त्री सत्तरीचे असावेत. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली नाही. टेबलावर ‘पुढारी’ची पानं पसरली, रजई सोडली आणि पहिल्यांदा बोल्ट मागे ओढायचा प्रयत्न केला. तो हलेना. तेलाचे चार थेंब सोडून ते चहा प्यायले. मग तळहाताने बोल्टच्या मुठीला खालून एकच ठोसा दिला. खर्रर्र आवाज करत बोल्ट मागे आला आणि त्याबरोबर मेलेलं एक झुरळ बाहेर पडलं. मिस्त्रींनी ते बाजूला सारलं. “काडतूस न्हाई एवढं बरं,” म्हणाले.

या जातीच्या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं: मागचा दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं. दस्ता आतल्या एका लांब बोल्टने घट्ट धरलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर दस्त्याच्या बुडाची पट्टी काढून हातभर लांब पेचकस आत घालावा लागतो. मिस्त्रींनी पट्टीचे दोन स्क्रू काढले, पेचकस आत घालण्यासाठी दस्ता तिरपा केला, तर भोकातून भुसा वाहू लागला. बारीक, पिवळसर, रव्याइतका एकसारखा. वर्तमानपत्रावर ढीग होईपर्यंत तो वाहत राहिला. आम्ही तिघं बघत बसलो. दस्त्याचं वरचं पॉलिश शाबूत होतं; आत वाळवीने ओसरी, माजघर, कोठार सगळं काढलं होतं.

“ह्यो गेला,” मिस्त्री म्हणाले. “पर ह्यो दुसरा करता येतोय. आक्रोड मिळंना झालंय. शिसवाचा करतो, जरा जड हुईल.” मग त्यांनी नळी बल्बच्या दिशेने धरली आणि मागून एक डोळा लावला. गजाला चिंधी गुंडाळून आत फिरवली; चिंधी बाहेर आली ती तपकिरी. पुन्हा डोळा लावला. या खेपेला बराच वेळ.

“कोन चालवायचं ही?”

“आमचे आजोबा,” दादा ताठ झाला. “फार शिकार केली त्यांनी.”

“हिच्यावर न्हाई केली.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मी ढिगाकडे बघितलं.

“बघा की हितनं,” मिस्त्रींनी नळी माझ्या डोळ्याला लावली. आत गोल गोल फिरत गेलेल्या खाचा दिसत होत्या आणि त्यांच्यावर देवीच्या व्रणांचे खड्डे. “खाचांच्या धारा नव्यावानी हाईत. लई गोळ्या गेल्या असत्या तर झिजल्या असत्या. पर खड्डं बघा. म्हंजे झाडलीया थोडी आणि नंतर धुतली न्हाई. आगदी न्हाई.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्यातल्या रसायनाचा बार निघाल्यावर क्षार उरतो, आपल्या मिठाच्याच जातीचा. तो नळीत बसतो, हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोलाद खातो. तेलाने तो जात नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून जुने शिपाई बार काढला की नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचे, मग पुसून तेल. “पाटणचा पाऊस,” मिस्त्री म्हणाले, “आन् नळीत मीठ. आनि काय हुयाचं?”

“मग आता?”

“गोळी सुटंल. पर पुंगळी सुटायची न्हाई. खड्ड्यात फुगून बसंल आत. बार काढायच्या भानगडीत पडू नका. नवी नळी बसवायची म्हणशिला तर चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला.”

विकायची तर? विकतही कुणी घेत नाही. नवी ईशापुरी रायफल लाखाच्या घरात जाते, पण जुनीला कुत्रं विचारत नाही. मिस्त्रींच्या मते याचं कारणही २०१९ चाच कायदा. एका परवान्यावर तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं ते सगळे एकदम विकायला निघाले. मग दादाने चाचरत शेवटचा पर्याय विचारला: सरकारजमा करावी का? मिस्त्री पहिल्यांदाच दचकले. “खुळं हाय काय! रायफल मोडली तर मोडू दे. पुस्तक सांभाळा. नवं पुस्तक मिळतंय का आता कुनाला?”

मला वाटतं या एका वाक्यात आपल्याकडच्या बंदुकीचं सगळं अर्थशास्त्र येतं. रायफल हे निमित्त; घराण्याकडे आहे तो परवाना. गावात ‘त्यांच्याकडं बंदूक आहे’ म्हणतात तेव्हा बंदूक चालते का, हे कुणी विचारत नाही, आणि मालक तर त्याहून नाही.

रायफल मिस्त्रींकडेच ठेवून परतताना मी मागच्या सीटवर बसून आबांचं जुनं पुस्तक चाळत होतो. परवान्याच्या पुस्तकात काडतुसांची खरेदी दुकानदाराला नोंदवावी लागते. आबांच्या पुस्तकात एकच नोंद होती: १९६८, काडतुसे १०. आणि देवघराखालच्या फडताळात, डांबराच्या गोळ्यांशेजारी, स्टीलच्या डब्यात काडतुसं होती नऊ. हे मी दादाला कराडजवळ सांगितलं. पाटण येईपर्यंत तो बोलला नाही.

घरी आल्यावर आम्ही सरळ आत्याला गाठलं. ती मागच्या पडवीत वाल सोलत होती.

“आत्या, आबांनी रायफल किती वेळा झाडली?”

“एकदाच की.”

“वाघावर?”

आत्याने दाराकडे बघितलं. मग हातातला वाल सुपात टाकला आणि हनुवटीने न्हाणीकडे खूण केली. “ह्यो काय तुमचा वाघ.”

न्हाणीच्या दाराशी आमचा तांब्याचा बंब उभा आहे. आम्ही सगळे त्याच बंबाच्या पाण्याने न्हाऊन मोठे झालो. त्याच्या पोटावर एका बाजूला रुपयाएवढा डाग आहे आणि नेमका त्याच्या समोर, दुसऱ्या बाजूला, जरा मोठा डाग आहे. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, हे काय. ते म्हणाले होते, हवेसाठी.

रात्री केळीत खुसपुस झाली, आत्या सांगू लागली. आबा पडवीत आले, नेम धरला, बार काढला. रानडुकरं बांधावरून खाली गेली ती गेलीच. इकडे अंधारात पाण्याच्या दोन चिळकांड्या उडायला लागल्या, एक उगवतीला, एक मावळतीला. आजी कंदील घेऊन बाहेर आली. भूकंपात घर पडलं, पण बंबाला पोचाही आला नव्हता. तो आबांच्या हातून गेला. आजी एक शब्द बोलली नाही आणि म्हणून आबांनी पुन्हा रायफल उचलली नाही.

“आणि नळीत उकळतं पाणी नाही ओतलं?” मी विचारलं.

“कशात तापवायचं व्हतं?” आत्या म्हणाली.

पुढे कराडहून तांबट बोलावला. त्याने दोन डाग दिले. ते आजतागायत गळले नाहीत. तात्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “पण आवाजाने बिबट्या पळाला असणार.”

रायफलीचा निर्णय मात्र लागेना. दादाला दस्ता हवा होता, शिसवाचा. वहिनींचं म्हणणं, जी वाजणार नाही तिला लाकूड कशाला. तात्यांनी शिसवाऐवजी माळ्यावरच्या आरामखुर्चीचे तीन पाय सुचवले. मिस्त्रींचा दोनदा फोन आला, माप घेऊन ठेवू का म्हणून. तेवढ्यात जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली आणि ठाण्याकडून नेहमीची नोटीस आली: शस्त्र जमा करा. ही नोटीस प्रत्येक निवडणुकीला येते. आमच्या रायफलीने ठाण्यात बसून जितक्या निवडणुका पाहिल्यात, तितक्या आमच्या आमदारांनीही लढवलेल्या नाहीत. आम्ही कोल्हापूरला गेलो, रायफल होती तशी तुकड्यांत रजईत बांधली, स्टीलचा डबा घेतला आणि ठाण्यात हजर झालो. वकील मामेभाऊ सोबत होता, घरचा म्हणून, फुकट.

हवालदारांनी रजई सोडली. नळी, दस्ता आणि बोल्ट टेबलावर मांडून ते थोडा वेळ बघत राहिले.

“तीन वस्तू लिहू का एक?”

“एक,” वकील घाईने म्हणाला.

मग डबा उघडला. नऊ मोजली, पुस्तक उलटलं, पुन्हा मोजली. “दहावी कुठंय?”

“झाडली,” दादा म्हणाला. “आमच्या आबांनी.”

“कशावर?”

दादाने तोंड उघडलं. वाघ त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. वकिलाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. १९७२ चा वन्यजीव कायदा आबांच्या त्या गोळीला लागू होत नाही, पण ठाण्यात तो वाद कोण घालत बसणार?

“बंबावर,” दादा म्हणाला.

हवालदारांनी मान वर न करता लिहिणं चालू ठेवलं. “मेला?”

“कोण?”

“बंब.”

“नाही हो. चालू आहे.”

“बरं. आता स्थिती. चालू लिहू का नादुरुस्त?”

“चालू तो बंब,” दादा म्हणाला. “रायफल दुरुस्तीखाली लिहा.”